जिल्ह्याची जीभ

राजारामपुरीत भाड्याची जागा मिळवायची तर त्या काळी मालक लोक पगार विचारत, गाव विचारत, आणि नवरा-बायको दोघंच आहात की मागून अख्खं खटलं येणार आहे, हे तर हमखास विचारत. आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला आणि माझ्या बायकोला सोप्यात चटईवर बसवलं, आत जाऊन एक ताटली आणली आणि आमच्यापुढं सरकवली. ताटलीत गुळाचे दोन खडे होते.

"खावा," ते म्हणाले. "आणि सांगा, ह्यातला चांगला कुठला?"

मी अकोल्याचा. गूळ पोळ्याला बैलांना आणि एरवी बाळंतिणींना, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. मी दोन्ही खडे खाल्ले आणि विमा कंपनीतल्या कारकुनाला शोभेल असं उत्तर दिलं, "दोन्ही गोड आहेत." मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी त्यांच्या उंबऱ्यावर थुंकलो असतो तर त्यांना कमी वाईट वाटलं असतं. बायको सांगलीकडची. तिनं एक खडा जिभेवर ठेवला, दुसरा ठेवला आणि म्हणाली, "हा डावीकडचा चांगला. दुसऱ्यात सोडा जास्त पडलाय."

"जागा तुमची झाली, बाई," मालक म्हणाले आणि मग हनुवटीनं माझ्याकडं दाखवून, "ह्या पावण्यास्नीबी ठेवा संगं, काय हरकत न्हाय."

तेव्हापासून आम्ही ती जागा सोडेपर्यंत मी त्यांच्या लेखी 'पावणं' होतो. बायको तिथली राहणारी आणि मी तिच्याकडं आलेला पाहुणा, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि पुढं पुढं माझीही व्हायला लागली.

मालक एका हायस्कुलातून ड्रिलमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायची सवय लागलेला आवाज. तो आवाज त्यांना कमी करता येत नसे. शेजारच्या गल्लीत कुणाकडं काय शिजलंय आणि ते कसं बिघडलंय, याची त्यांनी स्वतःच्या बायकोच्या कानात केलेली कुजबूज त्या गल्लीला नीट ऐकू जाई. गळ्यात शिट्टी निवृत्तीनंतरही होती. घरातल्या बनियनवरसुद्धा असे. आंघोळीच्या वेळी ती खुंटीवर टांगत असावेत, पण खात्री देत नाही.

या माणसाला देवानं धंदा दिला होता ड्रिलचा आणि जीभ दिली होती गुळाची. सकाळी चहाच्या आधी ते चूळ भरत, पूर्वेकडं तोंड करून बसत आणि डाव्या तळहातावर गुळाचा खडा घेत. आधी वास. मग जिभेच्या शेंड्याला नुसता स्पर्श. मग खडा जिभेखाली आणि डोळे बंद. अशा वेळी घरात भांडं वाजलेलं चालत नसे. परदेशात म्हणे द्राक्षाच्या दारूचे असे दर्दी असतात, घोट तोंडात घोळवतात, डोंगराची कुठली बाजू आणि कुठल्या सालचा पाऊस ते सांगतात आणि शेवटी थुंकून टाकतात. आमचे मालक थुंकत नसत, एवढाच फरक. डोळे उघडले की निकाल लागे. "नदीकाठचा ऊस. पाणी जरा जादा दिलंय. गुळव्या नवा हाय, काईल उतरवायला घाई केलीया." काईल म्हणजे उसाचा रस आटवायची ती भली मोठी कढई, आणि गुळव्या म्हणजे ती कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. हे मला माहीत नव्हतं तोवर मालक एखाद्या बाळंतपणाबद्दल बोलताहेत असं मला वाटे.

साखरेचं नाव त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. "साखर कारखान्यात हुतीया," ते म्हणत. "तिला ना आई, ना बा. गूळ मानसाच्या हातचा. मानूस कसा हाय ते त्यात उतरतंय." आमच्याकडं कुणी आलं आणि बायकोनं साखरेचा चहा केला, तर ती पातेल्यावर ताट झाकून जिन्यावरून नेत असे. चोरून दारू पिणाऱ्यांचं दुःख मला त्या घरात समजलं.

दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघत, तिथं मालक बोलावल्याशिवाय हजर. मांडून ठेवलेल्या प्रत्येक ढेपेला अंगठ्याचं नख लावायचं, कपरा तोंडात टाकायचा आणि यार्डभर ऐकू जाईल अशा आवाजात लायकी सांगायची. मालाचा शेतकरी शेजारीच उभा आहे, अडत्याच्या कपाळाला सणाचा टिळा आहे, असल्या क्षुल्लक गोष्टी त्यांना दिसत नसत. शेवटी अडत्यांनी शहाणपणा केला. मालक दिसले की त्यांना मानानं आतल्या गादीवर बसवायचं, चहा सांगायचा, आणि सौदे उरकेपर्यंत चहा येऊच द्यायचा नाही.

घरगुती कार्यात मात्र कुणाला असली युक्ती सुचत नसे. समोरच्या बंगल्याच्या वास्तुशांतीला त्यांनी पुरणपोळीचा पहिला घास घेतला आणि पंगतीत सांगितलं, "वास्तू झकास. गूळ औषधी पावडर मारल्याला." एका नात्यातल्या बाईंच्या तेराव्याला त्यांनी गोडाचं जेवण जेवून मुलाच्या पाठीवर हात ठेवला. आता सांत्वन करणार म्हणून सगळे थांबले. "आई गेली, वाईट झालं," मालक म्हणाले. "पर गूळ मागल्या सालचा वापरलासा, ह्येबी वाईट झालं." त्यांच्या मनात कपट अजिबात नव्हतं. माणूस दुसऱ्याला गुळाबद्दल खोटं सांगू शकतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि काकू. मालकांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. त्या इतक्या कमी बोलत, की सुरुवातीला मला वाटलं त्यांना ऐकू येत नसावं. पुढं लक्षात आलं, की त्या घरात बोलण्याचा सगळा कोटा एकट्या मालकांना गेला होता. मालक रोज सकाळी निकाल देत, काकू "व्हय" म्हणत आणि चूल पेटवत. गूळ चांगला की वाईट, हे काकूंच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, सुमन. बी.ए. झालेली, हसतमुख, बापाचा आवाज आणि आईचे डोळे. तिच्यासाठी स्थळं येत आणि जात. जात असत ती मालकांमुळं. "कुंडली बघू नगा, काईल बघा," असं त्यांचं स्थळांबाबत शास्त्र होतं. ज्याच्या घरी ऊस नाही त्या घरात मुलगी द्यायची नाही. ज्याच्या घरी आहे, त्याचा गूळ चाखल्याशिवाय द्यायची नाही. एक इंजिनियर मुलगा चांगला चालून आला होता, त्याच्या वडलांच्या गुळाला मालकांनी "सरकारी" म्हटलं. दुसऱ्या एका स्थळाची सुपारी फुटायची वेळ आली होती, तेवढ्यात त्यांनी सोयऱ्यांच्या चहाचा घोट घेऊन कपबशी खाली ठेवली आणि चपला घातल्या. लोक मागं हसत आणि सुमनचं वय पुढं सरकत होतं. त्या हसण्याचा मला राग येई, आणि मालकांचा त्याहून जास्त येई.

पौष सरला आणि मध्यस्थानं दोन स्थळं एकदम आणली. एक हुपरीकडचं, एक हातकणंगल्याच्या बाजूचं. दोन्हीकडं बागायत, दोन्हीकडं स्वतःचं गुऱ्हाळ. मालकांनी जाहीर केलं, की रविवारी ते आणि काकू "सहलीला" निघणार. दिवसभरात गुऱ्हाळं पालथी घालायची, चाखायचं, आणि संध्याकाळी निकाल. न सांगता जायचं. "सांगून गेलं की कुणीबी चांगला रवा पुढं करतंय." रवा म्हणजे गुळाची ढेप. दुसरं मत हवं म्हणून माझ्या बायकोनंही यायचं, असा हुकूम झाला. ती एकटी कशी जाणार, म्हणून पावणं.

आदल्या संध्याकाळी बायको नळावरून वर आली ती दार लावूनच बोलायला लागली. सुमननं तिला सांगितलं होतं. हातकणंगल्याकडचा मुलगा, विलास, कॉलेजात तिच्या एक वर्ष पुढं होता. दोघांत आजवर झालेलं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, पण तेवढ्यावर सुमननं सगळा संसार मांडून ठेवला होता. मध्यस्थाला त्यानंच घरच्यांकरवी पाठवलं होतं.

"मग वडलांना सांगत का नाही ती?" मी विचारलं.

"सांगून काय? ते म्हणणार, ठीक आहे, गूळ चाखतो. आणि त्यांना तो आवडला नाही तर ही दुसऱ्या कुणाला हो म्हणणार नाही. तसंच बसून राहीन म्हणते." बायकोचे डोळे भरले होते. मग ते पुसून ती मला म्हणाली, "उद्या तुम्ही एकच करायचं. त्या दुसऱ्या गुऱ्हाळावर काहीही दिलं तरी गोड म्हणायचं."

"मी नेहमी गोडच म्हणतो."

"म्हणून तर तुम्हाला नेतोय."

रविवारी सकाळी मालक फटफटीवर, मागं काकू, आणि ऑफिसातल्या मित्राच्या स्कूटरवर आम्ही दोघं, अशी ती सहल निघाली. ओळखू येऊ नये म्हणून मालकांनी भगवा फेटा बांधला होता. त्यामुळं ते अर्ध्या मैलावरून ओळखू येत. गळ्यात शिट्टी होतीच. बैलगाडी आडवी आली की ते हॉर्नऐवजी शिट्टी फुंकत आणि बैल बिचारे सावधान उभे राहत.

पहिला मुक्काम मालकांच्या एका मित्राच्या गुऱ्हाळावर, स्थळबिळ काही नाही, "जीभ धुवायला". गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला कुणी कोण, कुठला, काय काम, असं विचारत नाहीत. आधी रसाचा तांब्या हातात येतो. मग काकवी, मग शेंगदाणे आणि ऊनऊन गूळ. इकडं घाण्याचं इंजिन ठोके देतंय, तिकडं जळणाला चिपाडं वाळत पडलीत, चुलवाणाची धग अंगावर येतेय, आणि सगळ्या रानाला असा वास सुटलाय की पोट भरलेला माणूसही तोंड उघडं ठेवून उभा राहतो. मी रस प्यालो, काकवी प्यालो, गूळ खाल्ला, पुन्हा रस प्यालो. माझी जीभ धुऊन निघाली ती दुसऱ्या दिवसापर्यंत कामाला आली नाही.

तिथून हुपरीच्या बाजूला. या लोकांचा चांदीचा धंदाही होता. घरात पैंजणं बनत आणि शेतात गूळ. गुऱ्हाळावर सतरंजी, लोड, आणि मुलगा इस्त्रीच्या कपड्यांत, काईलीपासून सुरक्षित अंतरावर. न सांगता आलेल्या पाहुण्यांसाठी हार तयार होते, यावरून आमचा गुप्तपणा किती टिकला ते समजावं. गूळ चांदीच्या वाटीतून आला. पिवळाधमक, बघत राहावं असा. मालकांनी वास घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले. उजवी भुवई वर गेली तर पास, दोन्ही खाली आल्या तर नापास, हे आम्हाला पाठ होतं. दोन्ही खाली आल्या.

"कसा हाय, मास्तर?" मुलाच्या वडलांनी हात चोळत विचारलं.

"वाटी चांगली हाय," मालक म्हणाले आणि उठले.

स्कूटरवर बायको माझ्या पाठीवर बोटं आपटत होती, म्हणजे खूश होती. निम्मं काम झालं होतं. उरलेल्या निम्म्याच्या काळजीनं मग तीच बोटं माझ्या खांद्यात रुतायला लागली.

दुपार कलताना आम्ही विलासच्या रानात पोचलो. इथं हार नव्हते, सतरंजी नव्हती. फाटक्या बनियनमध्ये, अंगभर काजळी लागलेला एक तरुण चुलवाणावरच्या पुढच्या काईलीत वर आलेली मळी झाऱ्यानं काढत होता. फटफटी थांबली, फेटा दिसला, आणि झारा त्याच्या हातात तसाच राहिला. त्यानं मालकांना ओळखलं, हे कुणालाही दिसलं असतं. त्याचे म्हातारे वडील लगबगीनं घोंगडं झटकत आले. "या पावणं, या या, बसा. काईल आत्ताच उतरीवलीया न्हवं, येळंवर आलासा." अशी चार वाक्यं झाली, रस झाला, काकवी झाली, आणि मालकांनी हात पुढं केला. विलासनं गूळ निववायच्या वाफ्यातला ताजा गूळ केळीच्या पानावर आणून ठेवला.

त्याचा रंगच मला आवडला नाही. काळपट, ओलसर. मला सुद्धा आवडला नाही म्हणजे बघा. बायकोनं डोळे मिटून घेतले. काकू घोंगड्याच्या कडेला बसून मालकांच्या तोंडाकडं बघत होत्या. वास झाला. जिभेचा शेंडा झाला. खडा जिभेखाली गेला. इंजिन बंद होतं, त्यामुळं चिपाडं जळतानाचा आवाजही ऐकू येत होता. मालकांच्या दोन्ही भुवया सावकाश खाली आल्या. डोळे उघडले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि सुमनचं काय होणार ते मला त्या उघड्या तोंडात दिसलं.

"गोड हाय," काकू म्हणाल्या.

आधी कुणालाच कळेना कोण बोललं. काकूंनी पानावरचा खडा कधी उचलला तेही कुणी पाहिलं नव्हतं. मालक सावकाश वळले.

"काय?"

"गोड हाय म्हणलं न्हवं."

"अगं..."

"लई गोड हाय," काकू म्हणाल्या. पदर नीट केला आणि नवऱ्याकडं सरळ बघत राहिल्या. त्या नजरेनं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं आणि मालकांनीही पाहिलं नसावं.

माझ्या बायकोनं घाईघाईनं खडा तोंडात टाकला, "अगदी गोड!" मीही टाकला. माझ्या बाद झालेल्या जिभेलासुद्धा तो चांगला खारट लागला. मिठाचं बोट लागल्यासारखा. "गोडच आहे," मी म्हणालो, आणि त्या घराण्यात पहिल्यांदाच माझं मत कामाला आलं.

मालकांनी काकूंकडं पाहिलं, मग माझ्या बायकोकडं, मग माझ्याकडं, मग काजळी लागलेल्या त्या पोराकडं, ज्याचा चेहरा लपत नव्हता. ड्रिलमास्तर असले तरी मालक मूर्ख नव्हते. मुलीचा बाप जिभेवर चालतो, पण डोळेही असतात त्याला. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. दुसरा खडा उचलला. तो चघळायला त्यांनी जेवढा वेळ लावला तेवढ्यात आणखी एक काईल उतरली असती. तेराव्याच्या पंगतीत ज्याला खोटं बोलता आलं नाही, तो माणूस मान खाली घालून, शेजारी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "व्हय. गोड हाय."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आत्तापर्यंत मी त्यांची एवढी टवाळी केलीय, म्हणून हेही सांगून ठेवतो.

सगळं जमलं होतं. काकूंनी श्वास सोडला होता. आणि तेवढ्यात विलास बोलला.

"न्हाय मामा. खारट हाय ह्यो."

त्याच्या वडलांनी त्याच्या पायावर पाय दिला. माझ्या बायकोनं माझा दंड आवळला.

"वड्याकडंच्या रानातला ऊस हाय," तो सांगत राहिला. "तितं पाणी साठतंय, रान खारवाटलंय. औंदा चर खांदलाय, म्होरं सुदरंल. पर आजचा खारटच हाय. तुमास्नी गोड कसा लागंल?"

"कोण म्हणतंय खारट?" मालकांचा आवाज परत आला. झाडावरचे कावळे उडाले.

"मीच म्हणतोय की."

"ह्या जिल्ह्यात गूळ कुणाला कळतोय? सांग!"

"तुमास्नी."

"मग मी गोड म्हणतोय तर गोड!"

"तुमी मोठं हाय, मामा. पर खारट हाय."

"गोड हाय म्हणतो!"

"खारट हाय."

"आरं, गोड हाय रं!" मालक उठून उभे राहिले, हातात तो काळा खडा, आणि संतापानं मिशा थरथरताहेत. आयुष्यभर लोकांच्या चांगल्या गुळाला नावं ठेवत हिंडलेला हा माणूस आज एका खारट गुळाच्या बाजूनं हमरीतुमरीवर आला होता, आणि ज्याचा गूळ, तो ऐकायला तयार नव्हता. समोर सुमनचा बाप आहे, तो हो म्हणतोय, आणि आपण आपल्याच हातानं ताटात माती कालवतोय, हे विलासला कळत होतं. तरी त्यानं मान हलवली. "न्हाय मामा."

मालक मटकन खाली बसले आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही.

"माज्या बाच्या गुळाला मी भर यार्डात खारट म्हणलो हुतो," ते म्हणाले. "तुज्यापेक्षा ल्हान हुतो मी. म्हातारा मरस्तवर माज्यासंगं बोलला न्हाय. रान भावास्नी दिलं, मला शाळंत शिट्टी फुकाय लावलं." हे आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. काकूंना ठाऊक असावं, कारण त्या खाली बघत होत्या. मालकांनी फेट्याच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि विलासच्या वडलांकडं वळले. "खोबरं हाय का?"

"खोबरं?" म्हातारा गोंधळला.

"गूळ हाय आणि खोबरं न्हाय व्हय? सोयरीक जमली तर काय वाटायचं, दगडं?"

म्हातारा त्या वयात वस्तीवरच्या घराकडं पळत गेला. खोबऱ्याच्या वाट्या आल्या, फुटल्या, आणि तोच खारट गूळ सगळ्यांच्या हातावर पडला. सोयरीक जमल्याचं गूळखोबरं, तोंड वाकडं करायची सोय नाही. चुलवाणावरची माणसं, विलास, त्याचे वडील, आम्ही, सगळे तो मिठागराचा माल गोड चेहऱ्यानं चावत होतो. खोबऱ्यानं त्यातल्या त्यात हात दिला. काकू तोंडाला पदर लावून रडत होत्या आणि तरी चावत होत्या. फक्त मालक एकटे मनापासून खात होते.

दिवेलागणीला आम्ही राजारामपुरीत परतलो. सुमन दारातच उभी होती. ती बापाच्या चेहऱ्याकडं बघत होती आणि बापाचा चेहरा ड्रिलच्या परीक्षेला असावा तसा कोरा. मागं काकूंनी तिला खूण करायचा प्रयत्न केला, पण मालक मध्ये होते. त्यांनी खिशातला रुमाल काढला, गाठ सोडली आणि त्यातला खडा स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला.

"कुठला हाय, सांग."

सुमननं तो जिभेवर फिरवला. कुठला असणार हे तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला. एक शब्द बोलली असती, की सगळं निभावलं असतं. आमच्यासारखं गोड म्हणायचं, बस. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि तरी ती म्हणाली, "आण्णा, खारट हाय वो."

"व्हय," मालक म्हणाले, आणि त्या एका दिवसात दुसऱ्यांदा त्यांना आवाज कमी करता आला. "आता जल्मभर ह्योच खायाचा."

सुमननं हात पुढं केला आणि आणखी एक खडा मागितला.